फुलटोच्याचे छायाचित्र

झाडीतल्या लहान पक्ष्यांचे छायाचित्रण म्हणजे महागड्या कॅमेऱ्याचे काम, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः आधी ओळखावे लागते ते झाड. बंगळूरच्या पूर्वेकडील के. आर. पुरमसारख्या गजबजलेल्या भागातही एखाद्या जुन्या आंब्यावर बांडगूळ वाढलेले दिसले, तर तेथे फुलटोच्या येण्याची शक्यता मोठी. जेमतेम ८ सें.मी. लांबीचा हा पक्षी बांडगुळाची फळे खातो, चिकट बी फांदीला पुसतो आणि ते तेथेच रुजते. आंब्याच्या खात्यावर मात्र हा व्यवहार नावेच पडतो!

त्याच्यामागे धावण्यात अर्थ नाही. सकाळी, सूर्य पाठीशी ठेवून, झाडापासून थोडे दूर स्वस्थ बसावे. ३०० मि.मी. वा त्याहून मोठी लेन्स आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका शटरचा वेग असावा. फोकस डोळ्यावर, डोळा अस्पष्ट आला तर बाकीचे चित्र व्यर्थ.

एक मोह कटाक्षाने टाळावा. ध्वनिमुद्रित साद ऐकवली की अनेक गाणारे पक्षी समोर येतात, परंतु ते हद्दीत प्रतिस्पर्धी शिरला असे समजून. विणीच्या हंगामात पिलांना भरवण्याचा वेळ या नसलेल्या शत्रूच्या शोधात जातो. घरट्याआड येणारी फांदी छाटणे त्याहून घातक; उघडे पडलेले घरटे कावळ्याला लगेच दिसते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये तर घरट्यांना उपद्रव देणे 'शिकार' या व्याख्येतच येते.

पुष्कळदा छायाचित्राविनाच परतावे लागते. अशा दिवशी पानाआडून आलेला आवाज, झाड आणि वेळ वहीत नोंदवावी. पुढच्या खेपेस कोठे बसायचे, ते त्यावरून ठरते.