विज्ञानाची वर्गणी – भाग ६ : स्लॅब पडला, हे कोण सांगणार?

गेल्या आठवड्यात आपण तळेगावचा पैसा फंड पाहिला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागितला आणि त्या पैशांतून १९०८मध्ये काच कारखाना उभा राहिला. वर्गणीदाराला तिथे जाऊन पेटलेली भट्टी डोळ्यांनी बघता येत होती. प्रयोगशाळेत मात्र वर्षानुवर्षं बघण्यासारखं काहीच घडत नाही. आज त्यासाठी पवईला येऊ.

आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या चमूने कार-टी उपचार विकसित केला. रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, कर्करोगाची पेशी ओळखणारा ग्राही (रिसेप्टर) तयार करणारं जनुक त्यांच्यात घालायचं आणि त्या पुन्हा त्याच रुग्णाला द्यायच्या. माणसांवरच्या पहिल्या चाचणीसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने बायरॅक या संस्थेमार्फत टाटा मेमोरियल आणि आयआयटीला १९.१५ कोटी रुपये दिले. जून २०२१मध्ये पहिल्या रुग्णावर उपचार झाले, ऑक्टोबर २०२३मध्ये ‘नेक्सकार१९’ नावाच्या या उपचाराला परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत त्याचं लोकार्पण केलं.

एवढी रक्कम वर्गणीतून उभी राहील? मला वाटतं, राहील. एका तान्ह्या बाळाच्या सोळा कोटींच्या इंजेक्शनसाठी अनोळखी लोकांनी पैसे पाठवलेले आपण पाहिले आहेत. तिथे बाळाचा चेहरा समोर असतो. प्रयोगशाळेला पाचशे रुपये देणाऱ्याच्या समोर फक्त एक प्रश्न असतो: माझ्या पैशांचं पुढे काय झालं?

ब्लॉकचेन कामाला येते ती इथे. ही हिशेबाची अशी वही आहे, जिच्या प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा गणिती ठसा असतो. मागचा एक आकडा बदलला, तरी पुढचे सगळे ठसे जुळेनासे होतात. शिवाय वहीच्या प्रती हजारो संगणकांवर असतात, त्यामुळे एकट्याने खाडाखोड करणं जवळपास अशक्य. या वहीवर करारही लिहिता येतो: ठरलेला टप्पा पूर्ण झाला, की पुढचा हप्ता आपोआप सुटतो. पवईत बांधकाम चालू असताना फ्लॅट घेतलेल्यांना हे नवीन नाही. स्लॅब पडला, की हप्ता.

पण स्लॅब पडल्याचा दाखला आर्किटेक्ट देतो, वही देत नाही. गडचिरोलीतल्या एटापल्लीचं उदाहरण घ्या. २०२२मध्ये तिथले सुमारे ६५ हजार जातीचे दाखले ‘पॉलिगॉन’ या ब्लॉकचेनवर नोंदवायचं ठरलं. (हीच पॉलिगॉन २०१७मध्ये मुंबईत ‘मॅटिक’ नावाने सुरू झाली.) दाखल्यात नंतर फेरफार झाला नाही, एवढं ती खात्रीने सांगते. मुळातली चौकशी नीट झाली होती का, हे माणसांनीच बघायचं. संशोधनात हे अधिकच अवघड. नीट केलेला प्रयोग फसला, तर तोही पूर्ण झालेलाच टप्पा असतो. हप्ता केवळ यशाला बांधला, तर संशोधक अपयश लपवू लागेल. म्हणून पैसे प्रामाणिक अहवालावर सुटावेत आणि अहवाल त्याच विषयातल्या जाणकारांनी तपासावा, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी अडचण पैशाच्या रूपाची. एप्रिल २०२१मध्ये पॉलिगॉनचे संदीप नेलवाल यांनी कोविडसाठी ‘क्रिप्टो रिलीफ’ निधी सुरू केला. इथेरियम या ब्लॉकचेनचे विटालिक बुटेरिन यांनी त्याला शिबा इनू ही आभासी नाणी दिली. त्या दिवशीच्या भावाने ती सुमारे १०० कोटी डॉलरची होती. बाजारात विकायला काढल्यावर तो भाव टिकणारा नव्हता. त्यात परदेशी देणगीच्या कायद्याची प्रत्येक पायरी पाळायची होती. शेवटी २०२२मध्ये निधीने १० कोटी डॉलर बुटेरिन यांना परत दिले, ते कोविड संशोधनाला लवकर पोहोचावेत म्हणून! पैसा काही सेकंदांत आला होता, वाटायला मात्र महिने गेले. म्हणून वर्गणी रुपयांतच घ्यावी आणि ब्लॉकचेनवर फक्त हिशेब ठेवावा, हे मला जास्त पटतं.

पुढच्या आठवड्यात ‘व्हिटाडाओ’कडे वळू. कोणत्या संशोधनाला पैसे द्यायचे, हे तिथे टोकनधारक मतदानाने ठरवतात.