टोई पोपट : रानातला आणि पिंजऱ्यातला

मी लहान असताना मामाने जत्रेतून एक पोपट आणला होता. हिरव्या डोक्याचा, जेमतेम पंख फुटलेला. आम्ही त्याचे नाव राघू ठेवले. पुढे वर्षभराने त्याचे डोके निळसर राखी दिसू लागले, तेव्हा दृष्ट लागली म्हणून आजीने मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. पण तो आजार नव्हता. आमचा राघू हा टोई पोपट होता आणि शिवाय ती मादी होती, हे मला यंदा आपल्या ग्रंथालयातील पक्ष्यांवरील पुस्तके चाळताना समजले.

टोई पोपट नेहमीच्या पोपटापेक्षा लहान असतो. लांबी सुमारे ३५ सेंटीमीटर. त्यातली निम्म्याहून अधिक शेपटीचीच. नराचे डोके लाल-जांभळे, पिकत आलेल्या जांभळासारखे. गळ्याभोवती बारीक काळे कडे, खांद्यावर तांबडा डाग, शेपटी निळी व तिचे टोक पांढरे. मादीचे डोके राखी-निळे असून गळ्याशी काळ्या कड्याऐवजी पिवळसर पट्टा असतो. खांद्यावरचा डागही नसतो. पिल्लांची डोकी मात्र हिरवीच. नराला पूर्ण रंग चढायला दोनएक वर्षे लागतात. १७६६ मध्ये लिनीअसने या जातीला ‘सायनोसेफाला’, म्हणजे निळ्या डोक्याचा, असे नाव दिले.

हा पक्षी भारतीय उपखंडाचाच रहिवासी. हिमालयाच्या पायथ्यापासून श्रीलंकेपर्यंत तो आढळतो. शहरातील इमारतींपेक्षा त्याला पानझडीची जंगले आणि रानालगतची शेते अधिक मानवतात. रानफळे, धान्य, पळस व मोहाची फुले हे त्याचे अन्न. ज्वारीच्या कणसांवरही थवे उतरतात. तेव्हा शेतकऱ्याचा त्याच्यावरील राग अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही! थवा उडताना ‘टुई, टुई’ असा गोड आवाज करतो आणि झाडांच्या गर्दीतून सगळे एकदम वळणे घेत बाणासारखे निघून जातात.

आपल्याकडे विणीचा हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल. श्रीलंकेत तो जुलै-ऑगस्टमध्येही असतो. नर-मादी चोचीला चोच घासतात, नर मादीला घास भरवतो. मग झाडाच्या खोडात दोघे मिळून ढोली कोरतात किंवा तयार ढोलीच वापरतात. आत काड्या-गवताची गादी नसते. तेथे मादी चार ते सहा पांढरी अंडी घालते व तीच ती उबवते.

म्हणूनच जुने, ढोलीचे झाड म्हणजे या जोडीचे घरच होय. आपण त्याला ‘वाळके, निकामी लाकूड’ म्हणतो आणि तेच आधी तोडतो. उरलेल्या ढोल्यांत पिल्ले विकणाऱ्यांचे हात शिरतात. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानुसार रानातले पोपट पकडणे, विकणे वा पाळणे आज गुन्हा आहे; तरी पिंजरे रिकामे झालेले नाहीत.

आमच्या राघूवर घरच्या सर्वांचा जीव होता. त्याला डाळ-मिरची वेळेवर मिळे. पण जिने एखाद्या ढोलीत चार-सहा अंडी उबवायची, तिने आमच्या ओसरीवर ‘विठ्ठल, विठ्ठल’ म्हणत आठ वर्षे काढली आणि आम्ही कौतुकाने ऐकत राहिलो. प्रेम होते, ज्ञान नव्हते. आता ज्ञान झाले आहे, तेव्हा यापुढे ओसरीवर पिंजरा टांगण्याला सबब उरलेली नाही.