ट्रायल्स शिकायचंय? आधी सायकल जागेवर उभी करा

डॅनी मॅकॅस्किल या स्कॉटिश सायकलपटूचा एडिनबरामधला व्हिडिओ २००९ मध्ये जगभर गाजला. तो पाहून कुणालाही थेट उड्या माराव्याशा वाटतात. पण ट्रायल्सची सुरुवात उडीने होत नाही, थांबण्याने होते.

दगड, ओंडके, पायऱ्या पार करायच्या आणि पाय जमिनीला लागू द्यायचा नाही, हा या खेळाचा गाभा. मोटरसायकल ट्रायल्समधून तो सायकलवर आला. स्पर्धेच्या सायकलींची चाकं २० किंवा २६ इंची असतात आणि बहुतेक सायकलींना सीटच नसते.

शिकायला मात्र तुमची माउंटन बाइक पुरते. सीट पूर्ण खाली घ्या, गिअर हलका ठेवा. पुढचं सस्पेन्शन लॉक होत असेल तर करा. पेडल सपाट हवं, म्हणजे पाय चटकन काढता येतो. दोन्ही ब्रेक एका बोटाने पक्के लागायला हवेत.

आता किंचित चढावर पेडलवर उभं राहा. दोन्ही पेडल एका पातळीत, पुढचं चाक थोडं वळवलेलं. पेडलवर जोर दिला की सायकल पुढे, सैल सोडला की मागे. नजर चाकावर नको, थोडी पुढे ठेवा. अर्धा मिनिट तोल टिकू लागला की पुढचं चाक उचलून फळीवर ठेवा, मग मागचं. फूटपाथची कड त्यानंतर.

इथे घाई केली, तर पाय घसरून पेडल नडगीवर आदळतं. म्हणून हेल्मेटबरोबर नडगीचे गार्डही घालाच.