तबकडीवरचा गडगडाट

मेटॅलिका या अमेरिकन बँडच्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ या १९८८च्या अल्बममध्ये बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. ती जेसन न्यूस्टेडने वाजवली आहे, पाकिटावर त्याचं नावही आहे. पण कितीही कान देऊन ऐकलं तरी हाती लागते ती जेम्स हेटफिल्डची कोरडी, धारदार गिटार आणि लार्स उलरिकच्या ड्रमचे कडक ठोके. नोव्हेंबर २०१८मध्ये हा अल्बम रीमास्टर होऊन व्हिनाइलवर पुन्हा आला, तेव्हा आता तरी बास ऐकू येईल अशी आस लावून अनेक चाहते बसले होते. बास आला नाही. आणि बँडने तो आणला नाही, हे फार चांगलं केलं असं माझं ठाम मत आहे.

हे पटायचं तर रीमिक्स आणि रीमास्टर या दोन कामांतला फरक आधी समजून घ्यायला हवा. स्टुडिओत प्रत्येक वाद्य टेपच्या वेगळ्या पट्टीवर मुद्रित होतं. त्या पट्ट्या एकत्र आणताना कोण पुढे, कोण मागे हे ठरतं, ते मिक्सिंग. त्यातून तयार झालेल्या दोन पट्ट्यांच्या अंतिम टेपवर शेवटचा हात फिरतो, ते मास्टरिंग. त्यात एकूण आवाजाचा समतोल साधता येतो, झाकोळलेले बारकावे उजळता येतात, पण मिक्समध्ये दाबलेलं वाद्य उचलून पुढे ठेवता येत नाही. रीमास्टर म्हणजे जुन्या दागिन्याला उजाळा देणं, रीमिक्स म्हणजे तो मोडून नवा घडवणं.

मेटॅलिकाने उजाळा पत्करला. हेटफिल्ड आणि उलरिक यांनी १९८१ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू केलेल्या या बँडने पंकचा वेग आणि ब्रिटिश हेवी मेटलची बांधणी एकत्र आणली. थ्रॅश मेटल नावाचा प्रकार ज्या मोजक्या बँडनी घडवला, त्यांत त्यांचं नाव अग्रभागी येतं. २०१२मध्ये त्यांनी ‘ब्लॅकन्ड रेकॉर्डिंग्ज’ ही स्वतःची कंपनी काढली. ‘किल एम ऑल’ (१९८३) आणि ‘राइड द लायटनिंग’ (१९८४) एप्रिल २०१६मध्ये नव्याने आले, ‘मास्टर ऑफ पपेट्स’ (१९८६) नोव्हेंबर २०१७मध्ये, त्यानंतर ‘जस्टिस’. मास्टरिंग रूबेन कोहेनचं, देखरेख ग्रेग फिडेलमनची. मोठ्या पेटीसंचांत जुन्या मैफलींच्या, तालमींच्या आणि कच्च्या ध्वनिमुद्रणांच्या सीडी आहेत, जाडजूड पुस्तकंही आहेत. क्लिफ बर्टन हा बँडचा न्यूस्टेडआधीचा बासवादक २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला, वयाच्या चोविसाव्या वर्षी. त्याचं वादन अशा कच्च्या मुद्रणांत ऐकणं हे माझ्या लेखी या संचांचं सर्वांत मोठं देणं आहे.

आता तबकडीकडे वळू. हेटफिल्डच्या वादनाची खूण म्हणजे तारांवर सतत वरून खाली मारलेले फटकारे आणि ब्रिजजवळ टेकवलेली तळहाताची कड. त्यामुळे प्रत्येक सूर तुटक आणि जड उमटतो. असा आवाज खाचेत बसवणं अवघड असतं. खालच्या सुरांना रुंद खाच लागते, म्हणून तबकडी कापताना ते कमी केले जातात आणि वाजवताना अ‍ॅम्प्लिफायर ते पुन्हा भरून काढतो. शिवाय तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते, त्यामुळे सुई कडेला असताना तिच्याखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर मध्याजवळ जेमतेम २०-२१. तेवढ्याच अवधीचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबला जातो आणि वरचे सूर फाटू लागतात. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ची दुसरी बाजू जवळपास २८ मिनिटांची आहे आणि तिच्या शेवटी, नेमकं सर्वांत चिंचोळ्या जागी, ‘डॅमेज, इंक.’ हे अतिवेगवान गाणं येतं. तिथे झांजांचा चुरचुरीत आवाज सुटा राहिला, तर तबकडी कापणाऱ्याचा हात जाणता आहे असं खुशाल समजावं. तबकडी १८० ग्रॅमची आहे, याचं कौतुक त्यामानाने फुकाचं. वजनाने ती भक्कम होते, आवाज सुधारतोच असं नाही.

उलट वाटेचं उदाहरण मेगाडेथचं. या बँडचा म्होरक्या डेव्ह मस्टेन याने २००४मध्ये आपले जुने अल्बम रीमिक्स करून काढले. ‘रस्ट इन पीस’ या १९९०च्या अल्बममधल्या काही गाण्यांच्या गायनाच्या मूळ टेप सापडल्या नाहीत, तेव्हा त्याने ती नव्याने गायली. १९९०चं वादन आणि २००४चा गळा! मस्टेनचा स्वतःच्या कामावर हक्क आहेच, पण ज्यांनी मूळ तबकडी पारायणं करून ऐकली त्यांना तो गळा खटकतो. म्हणूनच जाणकार आजही जुनी प्रत शोधत फिरतात. ‘जस्टिस’मधला गायब बास ही चूक होती, हे मान्य. पण बर्टनच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी तो बँड नेमका असा वाजत होता, असाच ऐकू यावा असं त्यांनी ठरवलं होतं. तो पुरावा पुसायला नको.

मेटॅलिकाने मार्च २०२३मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. आपल्या तबकड्या छापणाऱ्या व्हर्जिनियातल्या ‘फर्नेस’ या कारखान्यातला मोठा हिस्साच त्यांनी विकत घेतला. अमेरिकेत २०२२ साली तबकड्यांनी नगांच्या हिशेबात सीडींना मागे टाकलं होतं आणि छपाईसाठी कारखान्यांपुढे रांगा लागल्या होत्या.

आपल्याकडेही हे ऐकणारे थोडे नाहीत. ऑक्टोबर २०११मध्ये दिल्लीजवळची मैफल रद्द झाल्यावर मेटॅलिका बंगळूरला वाजवून गेले, तेव्हा महाराष्ट्रातूनही पोरं तिथे पोचली होती. आता त्यांच्यातले कितीतरी जण टर्नटेबल बाळगून आहेत. त्यांना एवढंच सांगेन: तबकडी मागवण्याआधी पाकिटावर रीमास्टर लिहिलंय की रीमिक्स, ते नीट वाचा. या मालिकेतली एकच घ्यायची असेल तर ‘राइड द लायटनिंग’ घ्या. तिची प्रत्येक बाजू २४ मिनिटांच्या आत संपते, खाचांना पुरेशी जागा मिळते आणि बर्टनचा बास तिच्यात खणखणीत ऐकू येतो.