दिवे लागल्यावरच कॅमेरा

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती, त्यांत बायका-मुलंच जास्त. सोव्हिएत राजवटीनं १९४०-४१ मध्ये त्यांना पूर्व पोलंडमधल्या घरांतून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. सुटका झाल्यावर इराणमार्गे ती इकडे पोचली. बराकींच्या त्या वसाहतीत शाळा, चर्च, टपाल कार्यालय होतं आणि चित्रपटगृहसुद्धा होतं. पुढे त्याच जागी फाळणीत उखडलेली सिंधी कुटुंबं आली आणि आजचं गांधीनगर वसलं.

त्या वेळची पोरं आता ऐंशी-नव्वदीत आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांच्यापैकी काही जण वळिवड्याला येऊन गेले. जामनगरजवळच्या बालाचडीत आसरा मिळालेल्या पोलिश मुलांवर दिग्दर्शिका अनु राधा यांनी २०१३ मध्ये ‘अ लिटल पोलंड इन इंडिया’ हा माहितीपट केला. त्यात ती मुलं म्हातारपणी स्वतः बोलतात. अशा माहितीपटाचा खेळ असतो आणि ज्यांनी ते भोगलं तेच पुढच्या रांगेत बसलेले असतात, तेव्हा छायाचित्रकाराला एक चौकट हमखास खुणावते. पडद्याचा उजेड सुरकुत्यांवर पडलेला, डोळ्यांत पाणी. माझं मत स्पष्ट आहे: ती चौकट सोडून द्यावी.

या माणसांना एकदा कुणी न विचारता मोजलं, रांगेत उभं केलं, गाडीत कोंबलं. सभागृहातला अंधार त्यांना निदान तास-दीड तास तरी कुणाच्या नजरेत न येता रडू देतो. तोही आपण काढून घ्यायचा? कॅमेऱ्याचा फोकस शोधणारा बारीक दिवा कपाळावर पडला की माणूस दचकतो आणि चेहरा सावरून बसतो. त्यानंतर मिळतो तो सावरलेला चेहरा. शिवाय कायदाही आहे. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहात परवानगीविना पडद्यावरच्या चित्रपटाचं चित्रण केल्यास किमान तीन महिने कैद आणि तीन लाख रुपये दंड होऊ शकतो. आयोजकांशी आधी बोललेलं बरं.

खरं काम दिवे लागल्यावर सुरू होतं. लगेच नाही, पाणी पिऊ द्यावं, नातवंडांशी बोलू द्यावं. मग शेजारी खुर्ची ओढून बसावं, म्हणजे कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला येतो. फ्लॅश नको, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही जणांना तो सोसत नाही. खिडकी किंवा व्हरांड्याचा उजेड पुरतो. हातात जुना फोटो असेल तर काचेत खिडकीची तिरीप चमकते. फ्रेम वरच्या बाजूनं किंचित पुढे कलवायला सांगावी, तिरीप निघून जाते आणि आतल्या पोरीचा चेहरा दिसू लागतो. काढलेला फोटो आधी त्यांना दाखवावा. नको म्हणाले, तर त्यांच्यासमोरच पुसावा.

फोटोओळीची हेळसांड तर सर्रास होते. ‘निर्वासित वृद्धा’ एवढ्यावर भागवू नये. पूर्ण नाव, मूळ गाव, आल्याचं साल लिहावं, आणि बाईंचं माहेरचं नाव हवंच. वळिवड्याच्या मुलींची नोंद त्याच नावानं आहे. सिंधी घरांत तर लग्नानंतर पहिलं नावही बदलण्याची रीत होती. सासरच्याच नावानं फोटो छापला, तर उद्या पणतीला जुन्या कागदांत आजीचा माग लागायचा नाही.

अशी उखडलेली माणसं नागपूरकरांच्या दाराशीही आहेत. जरीपटक्यात फाळणी पाहिलेले सिंधी आजी-आजोबा अजून आहेत. गोंदिया जिल्ह्यातल्या नॉर्ग्येलिंग वसाहतीत तिबेट सोडून आलेली पिढी आहे. २०२१ पासून १४ ऑगस्टला फाळणी विभीषिका स्मृती दिन पाळला जातो, त्या निमित्तानं प्रदर्शनं भरतात. चित्रपट मंडळांनी त्या दिवशी जरीपटक्यात एखादा माहितीपट जरूर दाखवावा. छायाचित्रकारालाही बोलवावं, पण खेळ संपेपर्यंत त्याला प्रेक्षकांत बसवावं. आणि काढलेल्या प्रत्येक फोटोची कागदावरची प्रत, मागे नाव-गाव लिहून, आठवड्याभरात त्या घरी पोचवावी.