कॉर्निश-विंडसरचा लांकडी पूल : इतिहास व जीर्णोद्धार

ऐन पावसांत साकव वाहून गेला म्हणजे धान्याची गाडी बाजारांत नेणाऱ्या शेतकऱ्यास पुलाचें मोल कळतें. याकरितां अमेरिकेंतील एका जुन्या पुलाची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

व्हर्माँट व न्यू हॅम्पशायर या दोन संस्थानांमधून कनेक्टिकट नदी वाहते. तिच्या दोन तीरांवरील विंडसर व कॉर्निश या गांवांस जोडणारे १७९६, १८२४ व १८२८ सालचे तीन पूल पुरांनीं नेले. १८६६ सालीं जेम्स टास्कर व बेला फ्लेचर यांनीं ९,००० डॉलर खर्चून चौथा पूल उभारला. त्याची लांबी सुमारें ४५० फूट असून गाळे दोनच आहेत.

एवढा गाळा नुसत्या तुळयांनीं पेलत नाहीं. म्हणून दोन्ही बाजूंस लांकडी कैंची केली आहे. वरच्या व खालच्या तुळयांमध्यें तिरपीं लांकडें एकमेकांस छेदून जाळीप्रमाणें बसविलीं आहेत. ही रीत इथिएल टाउन याची. ओझें पडलें म्हणजे वरची तुळई दाबली जाते, खालची ताणली जाते व जाळी तें ओझें खांबांवर पोंचविते. वरचें छप्पर प्रवाशांकरितां नसून लांकडांकरितां आहे. कारण सांध्यांत पाणी मुरलें कीं लांकूड कुजतें. घोडे दौडविणाऱ्यास दोन डॉलर द्यावे लागतील, अशी पाटीही पुलाच्या तोंडाशीं आहे.

पूल मुळांत खासगी असून त्यावर टोल द्यावा लागे. १९३३ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें दोन संस्थानांची हद्द पश्चिम तीरावरील ओसरत्या पाण्याच्या रेषेवर ठरविली. अर्थात् बहुतेक पूल न्यू हॅम्पशायरकडे आला. त्या संस्थानानें तो १९३६ सालीं विकत घेतला. १९४३ सालीं टोल बंद झाला.

पुढें कैंची झुकल्यामुळें १९८७ सालीं वाहतूक थांबवावी लागली. सारें जुनें लांकूड राखावें तर ओझें पेलत नाहीं, लोखंड घालावें तर पूल मूळचा राहत नाहीं, असा हा पेंच होता. अखेर फळ्या एकमेकींस चिकटवून केलेल्या भक्कम तुळया घालून जाळीची मूळ रचना कायम ठेविली, आणि १९८९ सालीं पूल पुन्हां खुला झाला. खर्च सुमारें ४४ लाख ५० हजार डॉलर आला.

पैशाचें मोल पालटलें हें खरें. तथापि बोध स्पष्ट आहे. आपल्या गांवच्या साकवाचे सांधे दर पावसाळ्यापूर्वीं तपासावे, आणि तो कोणाच्या हद्दींत, दुरुस्ती कोणाकडे, याचा निकाल पूर येण्याआधींच लावून घ्यावा, इतकीच आमची वाचकांस विनंति आहे.