“लोकेशन ऑन ठेव ना, प्लीज!”

आजचा एपिसोड एका प्रश्नावर आहे, जो तुमच्यापैकी अनेकींनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय. “तो माझं सगळं चेक करतो. पण आम्ही रिलेशनमध्ये आहोत, मग याला स्टॉकिंग म्हणायचं का?”

स्टॉकर म्हटलं की आपल्याला फेक अकाउंटवाला कुणीतरी अनोळखी माणूस आठवतो. कॉलेजातल्या प्रेमात मात्र किल्ली बहुतेक वेळा आपणच दिलेली असते. गुगल मॅप्सवर लोकेशन शेअर करताना ‘बंद करेपर्यंत’ असा एक पर्याय येतो. रात्रीच्या बसने गावी जाताना काळजीपोटी तो दाबला जातो. गाव येतं, सुट्टी संपते, सेमिस्टर संपतं, शेअरिंग चालूच! मग एक दिवस मेसेज येतो, “लायब्ररीत आहे म्हणालीस, मग एफसी रोडला काय करतेयस?”

व्हॉट्सॲपचं तर अजून सोपंय. अनलॉक केलेला फोन दोन मिनिटं हातात मिळाला, की क्यूआर कोड स्कॅन करून तुमचे सगळे चॅट त्याच्या लॅपटॉपवर. तुमचा फोन तुमच्याच खिशात, आणि मेसेज मात्र दोघं वाचताय. आत्ता ऐकता ऐकताच सेटिंग्जमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून बघा. मी थांबते.

आता कायदा. २०१३ साली, दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर, स्टॉकिंग हा आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा झाला. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. यात दोन गोष्टी येतात. एक, मुलीने स्पष्ट नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क करणं. दुसरी कमी लोकांना माहीत असते: ती इंटरनेट, ईमेल वगैरे कसं वापरते यावर नजर ठेवणं. पहिल्यांदा दोषी ठरल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केलं तर ५ वर्षांपर्यंत. ‘बॉयफ्रेंड असेल तर चालतं’ अशी सूट कलमात कुठेही नाही.

हे कलम फक्त पुरुषाने स्त्रीवर नजर ठेवली तरच लागतं, आणि मला ही त्याची मोठी उणीव वाटते. गर्लफ्रेंडने पासवर्ड वापरून छळलं असं सांगणारी मुलंही आहेत, आणि त्यांच्यावर सगळे हसतात. पण दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली गुन्हा आहे. तिथे मुलगा-मुलगी असा भेद नाही.

एक सांगते, घाईघाईत सगळं लॉगआउट करू नका. समोरच्याला ते लगेच कळतं, आणि पुरावाही जातो. आधी लिंक्ड डिव्हाइसची यादी, धमकीचे मेसेज, तारखा, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा, आणि ते त्याला माहीत नसलेल्या ठिकाणी ठेवा. तो भडकेल अशी भीती असेल, तर रूममेटला किंवा ताईला आधी सांगून ठेवा. मग पासवर्ड बदला, टू-स्टेप लावा.

तक्रार नॅशनल सायबर क्राइम रिपोर्टिंग पोर्टलवर करता येते. १९३० हा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, जीवाला धोका वाटला तर ११२. आणि तुम्ही लातूरच्या, हॉस्टेल पुण्यात, तो मुंबईत असला, तरी कुठल्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर होतो. “आमच्या हद्दीत येत नाही” असं म्हणाले, तर हा शब्द वापरा.